खांबाचं लोणी

सोनबा तांबटाला कशाची किळस येत नाही हे शोधायला कुणी निघालं असतं, तर दमून घरी परतलं असतं. पंगतीत शेजाऱ्यानं कढीचा भुरका मारला की याचा घास घशात अडके. तीर्थासाठी पुढे आलेले तळहात बघितले की हा देवाला लांबूनच नमस्कार करी. दुसऱ्या बाजीरावांचा अंमल होता तेव्हा, आणि पुण्यात जेवणावळींना नुसता ऊत आलेला. पंगती उठल्या की वाड्यांबाहेर उष्ट्या पत्रावळींचे ढीग पडत, त्यावर कुत्री आणि माशा तुटून पडत, आणि सोनबा तेवढ्यासाठी कसब्यातून नदीकाठानं भला मोठा वळसा घालून जाई. त्याची आई आनंदी म्हणायची, "अरे, तू माझ्या पोटी आलास की लखलखीत घंगाळात?"

बरं, एवढा सोवळा माणूस, तर देवानं त्याला हात तरी कोरडे द्यावेत की नाही? दिले पाझरणारे. थंडी असो, ऊन असो, तळहात सदा ओले. तांबट आळीत हे कसं चालावं? चिंच लावून, घासून घासून सोन्यासारखा केलेला हंडा सोनबानं उचलला की दुसऱ्या दिवशी त्यावर पाच काळी बोटं उमटलेली. गिऱ्हाईक हंडा परत आणून दारात आपटी. बापानं बरंच सोसलं, मग एक दिवस शांतपणे म्हणाला, "हा हात आजपासून भांड्याला लावायचा नाही. घराला लावायलाच हवा असं काही नाही." पुण्यातले बाप ओरडत नाहीत, त्यांना गरज पडत नाही.

असा तो तालमीत आला. नागझरीच्या ओढ्याच्या अंगाला, पिंपळाखाली ती तालीम होती. किळस येणाऱ्या माणसानं तालमीत जाणं म्हणजे डोळे उघडे ठेवून उकिरड्यात उडी घेणं. हौद्यातल्या तांबड्या मातीत तेल, ताक, हळद आणि कित्येक उन्हाळ्यांतल्या पैलवानांचा घाम मुरलेला. दारात दोरीवर लंगोट वाळत घातलेले, आणि आपला कोणता हे म्हणे ज्यानं त्यानं वासावरून ओळखायचं. सोनबा पहिल्या दिवशी उंबरठ्याबाहेरच भडाभडा ओकला. उस्ताद दत्तोबा, जाडजूड मिशांचा, कमी बोलणारा माणूस, दारात उभा राहून ते सगळं बघत होता. "झालं?" तो म्हणाला. "मग आत या. आता ओकायला काही उरलं नसेल."

पण आत मल्लखांब होता. शिसवी, काळा, खाली रुंद आणि वर निमुळता होत जाऊन माथ्यावर लिंबाएवढं बोंड. सोनबानं त्याला पहिली मिठी मारली आणि हात सुटून खाली बसला, पुन्हा मारली, पुन्हा बसला. पण त्या दोन क्षणांत आपलं अंग किती हलकं आहे हे त्याला कळलं, आणि कळल्यावर त्याचा नाद सुटेना. खांबावर असताना त्याला वास येत नसे. जमिनीवर आला की येई.

आता खांबाची रीत सांगतो. जेवून बसला असाल तर जरा वेळानं ऐका. खांबाला एरंडेल लावतात, नाहीतर चढणाऱ्याच्या अंगाची सालटी निघतात. एरंडेल लावलं की हात सुटतो. म्हणून चढणाऱ्यानं तळव्यांना, काखेत, मांड्यांच्या आतल्या अंगाला काहीतरी धरून ठेवणारं लावायलाच हवं. प्रत्येक तालमीनं त्यावर आपापली तोड काढलेली असते. ह्या तालमीची तोड अशी की दर शनिवारी शिंपल्यानं खांब खरवडायचा. आठवडाभराचं तेल, घाम, माती, मांड्यांची सालटी, एखाददुसरा केस असं सगळं काळपट, तार सुटणारं निघे. मधूनच राळेचे पिवळे कण दिसत. ते कुठून येतात हे कुणी विचारत नसे. तो ऐवज मारुतीच्या कोनाड्यातल्या मडक्यात जाई. ते मडकं कधी रिकामं करायचं नाही, कधी धुवायचं नाही. दत्तोबाच्या उस्तादाचा घाम त्यात आहे, त्याच्याही उस्तादाचा आहे, असं तालमीतले लोक अभिमानानं सांगत. अभिमानानं! आणि त्याला नाव काय, तर लोणी. मारुतीचं लोणी.

चढण्याआधी कोनाड्याकडे तोंड आणि लोकांकडे पाठ करून उभं राहायचं, मडक्यात हात घालायचा, तळव्यांना-मांड्यांना चोळायचं, बजरंगाचा जयजयकार करायचा आणि खांबाला भिडायचं. ज्याचा लंगोट सच्चा, म्हणजे ब्रह्मचर्य पक्कं, त्याला लोणी धरून ठेवतं, कच्च्याला सोडून देतं, अशी पक्की समजूत. घेताना कुणी कुणाकडे बघायचं नाही, ते देव आणि भक्त यांच्यातलं.

सोनबानं पहिल्यांदा खरोखरच हात घातला. लोणी कोमट होतं. बोटांच्या मधून काहीतरी पाय असलेलं सरकलं, की त्याला तसं वाटलं, देव जाणे. त्या दिवशी त्यानं हात राखेनं घासला, चिंचेनं घासला, रिठ्यानं घासला, आणि तरी तो तोंडाजवळ नेववेना. दोन दिवस आनंदीनं त्याला भरवलं. "एवढा घोडा झालास," ती म्हणाली, "लोक बघतील तर तुझ्याऐवजी माझी कीव करतील."

त्यानंतर मात्र सोनबानं एक युक्ती बसवली. हात मडक्यात जायचा, पण मूठ वळलेली. बोटांची पेरं नुसती काठाच्या आत, लोण्याला न लागता, आणि बाहेर काढताना अंगठा मडक्याच्या तुळतुळीत काठावरून फिरवायचा, म्हणजे वरून थोडी चमक दिसते. पाठ लोकांकडे, बघतो कोण? मग लंगोटाच्या खोचेतली आपली पुडी.

ह्या पुडीसाठी त्यानं आईची चूल वेठीला धरली होती. आधी गोवऱ्यांची राख लावून बघितली. त्याच्या ओल्या हातावर तिचा चिखल झाला. रांगोळीची भुकटी लावली, तर उलट घसरला. डिंकानं बोटं एकमेकांना चिकटली आणि आनंदीनं ती कोमट पाण्यात सोडवली. मेण थंडीत झकास धरे आणि ऊन चढलं की दगा देई. तुरटीनं तळवे कोरडे ठाक झाले, पण त्यांना भेगा पडल्या. नुसती राळ लावली तर हात खांबाला असा धरला की सुटताना कातडं घेऊन सुटला. शेवटी हिरडा भाजून कुटला, त्यात तुरटीची चिमूट टाकली, राळ मलमलीतून दोनदा गाळून हिरड्याच्या निम्मी घातली, आणि ते जमलं. चिमूटभर घ्यायचं, चोळायचं, टाळी वाजवून जास्तीचं झटकायचं. पावसाळ्यात तुरटी जरा जास्त, थंडीत राळ जरा कमी. कोरडं, स्वच्छ, हिरड्याच्या वासाचं. चार जणांत घ्यायला लाज वाटू नये असं, आणि नेमकं तेच चार जणांत घेता येत नव्हतं.

राळ तो रविवार पेठेत चांद अत्ताराकडून आणी. चांदभाई जुन्या पुणेकर घराण्यातला, जिभेला धार आणि चेहऱ्यावर भाव नाही. पुडी बांधता बांधता म्हणायचा, "तुमच्या तालमीकडे राळ फार जाते हो, सोनबा. मारुतीला धूप घालता की काय रोज?" सोनबा खाली मान घालून "हो" म्हणे आणि काढता पाय घेई.

वर्षं गेली. सोनबासारखा खांबावरचा माणूस पेठेत दुसरा राहिला नाही. उलटा झाला की झाडाला पान असावं तसा सहज असे. लोक म्हणत, लोण्याची कृपा. तो ऐकून घेई आणि नागझरीवर जाऊन हात धुई, हाताला काही लागलेलं नसलं तरी.

मग वाघोलीहून जयसिंग आला. शेतकऱ्याचं पोर, दांडगं, हसरं, मनात आलं ते तोंडावर. त्यानं पहिल्याच दिवशी मडक्यात मनगटापर्यंत हात घातला, ओंजळभर लोणी काढलं आणि दंडांना, छातीला, मांड्यांना असं चोळलं की जणू दिवाळीचं अभ्यंग चाललंय. "काय वास हाय, दादा!" तो सोनबाला म्हणाला. "किती उस्तादांचा घाम हाय ह्याच्यात! आमच्या गावाकडं असलं कायबी न्हाई." आणि त्याच हातानं सोनबाच्या पाठीवर थाप मारली. सोनबाच्या अंगावर काटा आला. त्या संध्याकाळी आनंदीनं त्याच्या पाठीला पीठ लावून लावून ती लाल केली, तेव्हा कुठे तो झोपला.

जयसिंगची त्याला मनापासून किळस येई, आणि जयसिंग तर त्याची पाठ सोडीना. त्याला वाटे, दादाइतकं लोणी कुणालाच प्रसन्न नाही. सोनबानंच त्याला मांड्यांनी खांब आवळायची अढी शिकवली, खांबावर उलटं व्हायला शिकवलं, पण पाय धरून दाखवताना तो बोटांच्या टोकांनी धरी. थंडीत जयसिंगचं चांगलं निभावलं. लोणी घट्ट, चिकट, त्यात मांड्यांत बैलाची ताकद. माघात त्याचं लग्न झालं. तालमीत थोडी चेष्टा झाली, तोही लाजून हसला.

चैत्र उजाडला. हनुमान जयंतीला तालमीचा खेळ पिंपळासमोरच्या अंगणातल्या दुसऱ्या खांबावर, भर उन्हात असे. पेठ लोटली होती. जयसिंग मडक्यातून नेहमीसारखा हात भरून घेऊन बाहेर आला, आणि सोनबानं बघितलं की लोणी त्याच्या कोपरापर्यंत ओघळतंय. उन्हानं ते पातळ झालं होतं. आता ते कशालाच धरणार नाही हे सोनबाला डोळे मिटूनही सांगता आलं असतं. जयसिंग त्याच्या जवळूनच गेला. "पुसून टाक ते, ही माझी पुडी घे," एवढं वाक्य सोनबाच्या अगदी ओठांवर आलं. पण पुडी काढायची म्हणजे पेठेसमोर लंगोटातून काढायची. ही कधीपासून आणि का, तेही सांगायचं. सोनबानं वाक्य गिळलं.

जयसिंग वर गेला, उलटा झाला, मांड्यांनी खांब आवळून हात सोडले. लोकांनी वाहवा केली. आणि त्या वाहवेतच तो सुटला, आधी हळू, मग एकदम. खुब्याचं हाड मोडल्याचा आवाज मागच्या ओळीतही ऐकू आला.

हाड बसलं नाही. ते तर झालंच, पण त्याहून वाईट पुढे झालं. तालमीतल्या जुन्या लोकांनी मारुतीपुढे बैठक घेतली. त्यांच्यातला यज्ञेश्वरभट सगळ्यांत मोठ्यानं बोलला. हा गडी सकाळी जोर मारायचा आणि दुपारी पंचांग बघायचा, आणि दोन्हींचा त्याला भारी ताठा. "लोणी उगाच कुणाला सोडत नाही," तो म्हणाला. "माघात लग्न, चैत्रात पडला. यात काय समजायचं ते समजा." सगळ्यांनी समजलं. जयसिंगचा लंगोट कच्चा, त्यानं मडकं बाटवलं. त्याचं नाव तालमीतून काढावं आणि त्यानं पुन्हा मडक्याला हात लावू नये, असं ठरलं. दत्तोबा मिशीवरून हात फिरवत राहिला. यज्ञेश्वरभटानं सोनबाला विचारलं, "तू शिकवलंस ना त्याला? तुला काय वाटतं?"

"असेल तसं," सोनबा म्हणाला.

जयसिंग गावी परत गेला नाही. लंगड्याला शेतात काय काम, आणि गावात त्या लंगोटाची गोष्ट त्याच्या आधीच पोचलेली. तो भवानी पेठेत वखारीवर पोती राखायला बसे आणि शनिवारी काठी टेकत तालमीच्या दारापर्यंत येऊन बाहेरूनच मारुतीला हात जोडी. सोनबा दिसला की म्हणे, "माझंच चुकलं असंल, दादा. मनात कायतरी आलं असंल." सोनबाला त्याच्यापुढे उभं राहवत नसे. अंगावर येणारा हा शहारा त्या लोण्याच्या वासानं येतो, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली होती. जयसिंगच्या अंगाला आता कसलाच वास येत नव्हता, हा भाग वेगळा.

अशात दत्तोबानं अंथरूण धरलं. पोट फुगलं, पाय सुजले, आणि दोन्ही हातांवर इसब होतं त्यातून पाणी गळू लागलं. त्याच्यामागं उस्ताद कोण, याला उत्तर एकच होतं. सोनबाला ती गादी हवी होती. हवी होती काय, त्याला दुसरं काही उरलंच नव्हतं. बाप गेला होता, दुकान भावाकडे होतं, आणि भावाच्या दारात भाता ओढत बसणं एवढीच दुसरी वाट होती. उस्ताद झाला तर तालमीमागची खोली, पेठेचा शिधा, आणि आनंदीला म्हातारपणी हक्काचं एक दार.

पण गादी देण्याची रीत होती. मडकं सोपवायचं. नवा उस्ताद मडकं दोन्ही हातांनी छातीशी धरून उभा राहतो. आधी जुना उस्ताद त्यात हात घालतो, मग वयाच्या क्रमानं एकेक गडी येऊन घालतो. सगळ्यांचा झाला की नव्यानं मडकं मारुतीपुढे ठेवून आपला हात मनगटापर्यंत बुडवायचा आणि त्याच हातानं खांब चढायचा.

सोनबाला आठ दिवस अन्न गोड लागलं नाही. दत्तोबाचा तो पाझरणारा, पापुद्रे सुटलेला हात त्या मडक्यात जाणार, आणि मग आपला! "इतकी किळस येते तर नको ना होऊस उस्ताद," आनंदी म्हणाली.

"मग काय होऊ?" तो म्हणाला. आनंदीनं त्याचं न संपलेलं ताट उचललं.

दसऱ्याआधीच्या शनिवारी सकाळीच दत्तोबाला बाजेवर घालून तालमीत आणलं. खांबाला झेंडूच्या माळा, बाहेर पेठेतले बघे, आत सगळे गडी न्हालेले, लंगोट कसलेले. सोनबानं मडकं छातीशी धरलं. वास थेट नाकात. आत एक माशी मरून पडली होती आणि दुसरी तिच्याभोवती फिरत होती. त्यानं श्वास तोंडानं घ्यायला सुरुवात केली. मडकं बाजेपाशी नेलं, खाली वाकला, आणि दत्तोबाचा हात आत आला.

मूठ वळलेली होती.

बोटांची पेरं काठाच्या आत, लोण्यापासून चांगली चार बोटं वर. क्षणभर थांबली, आणि बाहेर येताना अंगठा काठावरून तुळतुळीत फिरला. सोनबाला पहिल्यांदा हायसं वाटलं. वाचलो, इसब आत गेलं नाही. मग त्यानं दत्तोबाकडे बघितलं. म्हातारा सरळ त्याच्याच डोळ्यांत बघत होता, आणि त्या नजरेत लाज नव्हती की काही नव्हतं. ही युक्ती तर तुला ठाऊकच आहे, एवढंच होतं.

मग बाकीचे आले. आजवर पाठ करून उभे राहणारे हात आज त्याला पहिल्यांदा वरून दिसत होते. एक गडी आला, मूठ वळलेली. दुसऱ्यानं नखाचं टोक टेकवलं आणि उगाच मनगट हलवलं. तिसऱ्यानं येण्याआधीच कुठूनतरी तेल लावून हात चमकवून आणला होता. यज्ञेश्वरभटानं तर डोळे मिटून पुटपुटत हात मडक्यावर नुसता धरला, नैवेद्यावरून पाणी फिरवावं तसा, आणि काढून घेतला. त्याच्या बोटांच्या बेचक्यांत राळेची पिवळी पूड होती. सगळ्यांच्याच होती. चांद अत्तार पुडी बांधताना इतकी वर्षं का विचारत होता, ते आता सोनबाला कळलं.

जयसिंग सोडला तर तालमीतला एकही माणूस त्या घाणीला हात लावत नव्हता. आणि हेच सगळे चैत्रात मारुतीपुढे बसून जयसिंगचा लंगोट मोजत होते! सोनबाला मळमळलं, आणि या वेळी नाकाचा काही दोष नव्हता. या हरामखोरांच्या तोंडावर मडकं फोडावं असं त्याला वाटलं. मग त्याच ओळीत "असेल तसं" म्हणणारा आपणही होतो, हे आठवलं आणि त्याला मडकं जड झालं.

"उस्ताद," दारातून आवाज आला. जयसिंग काठीवर उभा होता. "मला चढायचं न्हाई. पण आज दादाचा दिस हाय. येकदा हात तरी लावू द्या."

कुजबुज झाली. यज्ञेश्वरभट पुढे सरसावला, "ठरलंय ते ठरलंय. बाटलेला हात—"

"येऊ दे त्याला," दत्तोबा बाजेवरून म्हणाला. कशासाठी म्हणाला कोण जाणे. मरणाऱ्या माणसाला थोडीफार टोचणी लागत असेल.

जयसिंग लंगडत आला. काठी डाव्या बगलेत घेतली आणि उजवा हात मडक्यात घातला. मनगटापर्यंत. सावकाश, आदबीनं, मेलेल्या माशीसकट. बाहेर काढून तो कपाळाला लावला, तिथे काळा पट्टा उमटला. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. जयसिंगचे डोळे भरून आले होते. त्यानं ते हसणं ऐकलं नाही, किंवा ऐकून घेतलं.

आता सोनबाची पाळी. त्यानं मडकं मारुतीपुढे ठेवलं. लोकांकडे पाठ झाली. वरून मारुती बघत होता, पण मारुतीनं आजवर कुणाचंच नाव सांगितलं नव्हतं. वळावं आणि बोलावं, बाबांनो, हे धरून ठेवत नाही, सोडतं, आणि त्या पोराला आपण सगळ्यांनी मिळून पाडलंय. दोन वाक्यांचं तर काम. बोललो की गादी गेली, खोली गेली, आणि उरला भावाचा भाता. निदान हात तरी घालावा, पाप निम्मं तरी फिटेल. त्यानं हात पुढे नेला. कोमट वास वर आला, काठाशी बुडबुडा फुटला, आणि त्याची बोटं आपोआप आत वळली. पेरं काठाला लागली. अंगठा फिरला. दुसऱ्या हातानं लंगोटाची खोच चाचपली, चिमूट निघाली, तळवे चोळले गेले.

तो चढला तो असा की पेठेनं पुन्हा तसं बघितलं नाही. उलटा झाला, हात सोडले, पायाच्या एका बोटावर भार तोलला, बोंडावर पोटावर आडवा होऊन गरागरा फिरला, शेवटी बोंडावर एका पायावर उभा राहिला. अंगण टाळ्यांनी दणाणलं. "लोण्याची कृपा!" यज्ञेश्वरभट ओरडला, आणि सगळ्यांनी ओरडून त्याला साथ दिली.

खाली उतरल्यावर सर्वांच्या आधी जयसिंग पुढे आला. तोंडभर हसत होता. "बघितलंत?" तो सगळ्यांना म्हणाला. "लोणी खरं हाय! माझ्यातच खोट व्हती, ती आज कळली. दादा, त्यो हात द्या हिकडं, कपाळाला लावू द्या." त्याचा उजवा हात लोण्यानं भरलेला, म्हणून त्यानं काठी भिंतीला टेकवली आणि डाव्या हातानं सोनबाचा हात धरून वर घेतला.

कपाळापाशी तो थांबला.

त्यानं अंगठा सोनबाच्या तळव्यावरून फिरवला, एकदा, परत एकदा. कोरडी, बारीक पूड. मग नाकाशी नेऊन वास घेतला. हिरडा. हसू चेहऱ्यावरून गेलं नाही लगेच, तिथंच राहिलं, नुसतं रिकामं झालं.

"कवापासनं?" त्यानं हळूच विचारलं.

सोनबानं बोटं आत वळवली.

"मी पडलो तवाबी?"

सोनबानं मान खाली घातली. जयसिंगनं मग वर बघितलं. ओळीनं उभे असलेले गडी, त्यांचे हात. तो शेतकऱ्याचा पोर होता, हात बघून माणूस ओळखायची त्याला सवय होती. एकेक हात बघत त्याची नजर बाजेपर्यंत गेली आणि तिथून परत आली. त्यानं शिवी दिली नाही. ओरडला नाही. सोनबाला वाटत होतं, त्यानं ओरडावं.

त्यानं सोनबाचा हात सोडला. लोण्यानं माखलेला उजवा हात तसाच ठेवला आणि डावा, ज्या हातानं सोनबाला धरलं होतं तो, धोतराला पुसला. एकदा पुसून भागलं नाही. खाली वाकून त्यानं हौद्यातली चिमूटभर माती घेतली, ती तळव्याला चोळली, पुन्हा पुसला, बोटांच्या बेचक्यांतूनही पुसला. मग भिंतीची काठी घेतली आणि कुणाकडे न बघता दाराबाहेर पडला. काठीचा आवाज नागझरीच्या पुलापर्यंत येत होता.

"उस्ताद," मागून कुणीतरी आरतीचं ताट पुढे केलं, "आरती घ्या."

सोनबानं ताट घेतलं.